मोराला धागे वाढवा: लिनक्सवर अक्षरं मोठी करण्याच्या कळा

मामांचं चादरी-टॉवेलचं दुकान सोलापुरात, नवी पेठेत. दुकानातल्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचे नेहमीचे अपडेट थांबले, विंडोज ११ त्या यंत्राला झेपणारं नव्हतं, तेव्हा मामेभावानं त्यावर उबुंटू नावाचं लिनक्स चढवलं. लॅपटॉप पळायला लागला. चौथ्या दिवशी मला मामांचा फोन. "अरे, अक्षरं मुंग्यांवानी दिसायलीत. गिऱ्हाईक घोडके का धोडके, तेच कळंना."

तक्रार खरी होती. चौदा इंची पडदा, त्यावर १९२० बाय १०८० ठिपके, आणि सगळं शंभर टक्क्यांवर. इंग्रजी अक्षर बारीक झालं तरी ओळखू येतं. आपल्या घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांतला फरक एवढ्याशा वळणाचा किंवा गाठीचा. वर अनुस्वाराचा एकच ठिपका, खाली उकार, मधे जोडाक्षर. इंग्रजीला पुरतो तो आकार मराठीला पुरत नाही, हे पक्कं धरून चला आणि कुणी "मला तर दिसतंय की" म्हणालं तर त्याला मराठी बिल वाचायला द्या.

मामेभावानं यावर काढलेला उपाय बहुतेक नवे लोक काढतात तोच. सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचा आकडा, १३६६ बाय ७६८ करून टाकलं. अक्षरं मोठी झाली खरी, पण कडा फुटलेल्या, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. मामांना वाटलं, मोतीबिंदू पिकला.

मी त्यांना चादरीच्याच भाषेत सांगितलं. चादरीवर मोर विणायचा असला की आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढतात, एक चौकट म्हणजे एक धागा. मोर मोठा हवा असेल तर दोन वाटा आहेत. एक, सूतच जाड घ्यायचं. चौकटी तेवढ्याच, मोर मोठा, पण पिसाऱ्याची कड पायऱ्यापायऱ्यांची. रिझोल्यूशन कमी करणं म्हणजे हे जाड सूत. दुसरी वाट, सूत तेच बारीक ठेवायचं आणि मोराला जास्त धागे द्यायचे. मोर मोठा होतो आणि पिसाराही रेखीव येतो. स्केल वाढवणं म्हणजे हे. तेव्हा रिझोल्यूशनला हात लावला असेल तर तो आधी मूळ आकड्यावर न्या. यादीत सगळ्यात मोठा आकडा असतो, बहुधा तोच पडद्याचा खरा आकडा.

आता कळा. खाली लिहिलंय ते मुख्यतः उबुंटूसाठी, म्हणजे त्याच्या ग्नोम नावाच्या डेस्कटॉपसाठी (पडद्यावरच्या खिडक्या, मेन्यू सांभाळणारा भाग). मिंट, केडीई असं दुसरं लिनक्स किंवा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे. कळफलकावर विंडोजचं चिन्ह असलेलं जे बटण आहे, त्याला लिनक्सवाले सुपर म्हणतात. मीही तेच म्हणतो.

आधी एवढं करून बघा

फक्त ब्राउझरमधलंच पान बारीक दिसत असेल तर डेस्कटॉपला छेडू नका. कंट्रोल दाबून अधिक, कंट्रोल दाबून उणे, आणि मूळ मापावर यायला कंट्रोल-शून्य. फायरफॉक्समध्ये हे चालतं, आणि त्या त्या संकेतस्थळाचं माप तो लक्षात ठेवतो. लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा. कागद पडद्यावर मोठा दिसतो, छपाई आहे तेवढीच होते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मात्र मोठं करायला कंट्रोल-शिफ्ट-अधिक लागतं. पुष्कळांचं काम इथेच भागतं.

भिंग

एखादीच गोष्ट क्षणभर मोठी बघायची असते. समोरच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या बिलाच्या फोटोतला पंधरा अक्षरी जीएसटी नंबर, उदाहरणार्थ. त्यासाठी ऑल्ट-सुपर-८. सगळा पडदा दुप्पट होतो आणि माउस न्याल तिकडे सरकतो. हातात भिंग घेऊन कागदावर फिरवल्यासारखं होतं. भिंग चालू असताना ऑल्ट-सुपर-बरोबर दाबलं की आणखी मोठं, ऑल्ट-सुपर-उणे दाबलं की लहान. परत ऑल्ट-सुपर-८ दाबलं की भिंग बंद. बरोबर म्हणजे दोन आडव्या रेघांचं बटण, बॅकस्पेसच्या शेजारचं; अधिकचं चिन्हही त्याच बटणावर असतं.

भिंगाची अडचण एकच. ते चुकून चालू झालं तर नवख्याला कळतच नाही काय झालं. पडदा अर्धा बाहेर गेलेला, माउस हलवला की सगळं सरकतंय. घाबरून लॅपटॉप बंद करण्याआधी ऑल्ट-सुपर-८ एकदा दाबून बघा.

अक्षरांचा आकार: मामांसाठी हीच खरी कळ

दिवसभर काम करायचं तर भिंग उपयोगाचं नाही. तिथे अक्षरांचा आकार वाढवावा. ग्नोममध्ये यासाठी दोन तयार कळा आहेत, पण त्या कशाला जोडलेल्याच नसतात. घरात नळ आहे, पाइप जोडलेला नाही, असा प्रकार. आपण जोडू:

१. सुपर दाबा, कीबोर्ड हा शब्द इंग्रजीत टाइप करा, एंटर. सेटिंग्जमधलं कीबोर्डचं पान उघडेल.

२. खाली 'व्ह्यू अँड कस्टमाइज शॉर्टकट्स' आहे, त्यात जा. पहिलाच गट 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाचा दिसेल. तो उघडा.

३. तिथे 'इन्क्रीज टेक्स्ट साइज' आणि 'डिक्रीज टेक्स्ट साइज' अशा दोन ओळी आहेत, समोर 'डिसेबल्ड' लिहिलेलं. पहिलीवर टिचकी मारा आणि कंट्रोल-ऑल्ट-बरोबर दाबा. मग 'सेट'.

४. दुसरीवर टिचकी, कंट्रोल-ऑल्ट-उणे, 'सेट'.

झालं. आता कंट्रोल-ऑल्ट-बरोबर दाबा. मेन्यू, खिडक्यांची शीर्षकं, फायलींची नावं सगळं एक पायरी चढेल. या कळेला चारच पायऱ्या माहीत आहेत: पाऊण पट, एक पट, सव्वा पट आणि दीड पट. दीडच्या वर कितीही दाबा, ती ढिम्म. दुसऱ्या कळेनं तसंच खाली उतरायचं. सेटिंग्जच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये 'लार्ज टेक्स्ट' नावाचं जे बटण आहे, तेही हाच सव्वा पटीचा आकडा लावतं, वेगळं काही करत नाही.

तुम्ही निवडलेली जोडी आधीच दुसऱ्या कामाला लावलेली असेल तर ग्नोम तसं सांगतं आणि 'रिप्लेस' करू का विचारतं. नवख्यानं तिथे नको म्हणावं आणि दुसरी जोडी शोधावी. नेमून दिलेली कळ काढून टाकायची असेल तर त्याच ओळीवर टिचकी मारून बॅकस्पेस दाबा. नुसतं मागे फिरायचं असेल तर एस्केप.

एक इशारा. कंट्रोल-ऑल्टच्या जोडीला एफ१ ते एफ१२ यांतलं काही घेऊ नका. त्या कळांनी लिनक्स डेस्कटॉप सोडून काळ्या पडद्यावर जातं, जिथे नुसता लॉगिन विचारलेला असतो. मी सुरुवातीला हौसेनं कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं होतं आणि लॅपटॉप गेला असं समजून अर्धा तास बसून होतो. परत यायला कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबायचं, नाही जमलं तर एफ१. उघडी कामं जशीच्या तशी असतात.

एका दाबात हव्या त्या मापावर

दुकानात लॅपटॉपवर दोघं बसतात. सकाळी मामा, दुपारनंतर मामेभाऊ. मामांना दीड पट हवं, त्याला मूळ माप. पायऱ्या चढा-उतरा करण्यापेक्षा एका दाबात दीड, एका दाबात एक, असं झालं तर बरं. त्यासाठी एक छोटी आज्ञा लागते. टर्मिनलची धास्ती घेऊ नका, एकदाच लिहायची आहे.

मामेभावाला मी ती फोनवरून सांगितली, तशीच इथे सांगतो. ऐकायला अशी:

जीसेटिंग्ज सेट ओआरजी.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर १.५

टाइप करायची ती इंग्रजी लहान अक्षरांत, आकडाही इंग्रजी. मराठी कळफलक चालू असेल तर सुपर-स्पेस दाबून इंग्रजीवर या. पहिला शब्द म्हणजे जी हे अक्षर आणि त्याला चिकटून सेटिंग्ज, मधे जागा नाही, टी दोनदा. ग्नोममधलं पहिलं जी बोलताना गिळलं तरी लिहिताना लिहायचं. पूर्ण आज्ञेत मोकळ्या जागा चार: जीसेटिंग्जनंतर, सेटनंतर, इंटरफेसनंतर आणि फॅक्टरनंतर. ओआरजी ते इंटरफेस सलग, मधे तीन टिंबं. टेक्स्ट, स्केलिंग आणि फॅक्टर यांच्यामधे आडव्या रेघा दोन. बस.

कंट्रोल-ऑल्ट-टी दाबलं की उबुंटूत टर्मिनल उघडतं. तिथे टाइप करताना थोडं लिहून टॅब दाबत चला. उरलेला शब्द यंत्र स्वतः पुरा करतं आणि स्पेलिंगची चूकही त्यातच कळते, कारण चुकलं असेल तर ते काही पुढे जात नाही. एंटर दाबल्यावर अक्षरं मोठी झाली की आज्ञा बरोबर. वरच्या बाणानं ती परत आणा, माउसनं निवडा आणि कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून उचलून घ्या. साधं कंट्रोल-सी टर्मिनलमध्ये कॉपी करत नाही, ते चालू काम थांबवतं.

मग पुन्हा कीबोर्डच्या त्याच शॉर्टकट्सच्या पानावर जा, सगळ्यात खाली 'कस्टम शॉर्टकट्स'. नवा शॉर्टकट घ्या. 'नेम'मध्ये काहीही लिहा, मी 'मामा' लिहिलं. 'कमांड'मध्ये उचललेली आज्ञा चिकटवा. 'सेट शॉर्टकट' दाबून कंट्रोल-ऑल्ट-५ द्या, मग 'अ‍ॅड'. दुसऱ्या शॉर्टकटला हीच आज्ञा, शेवटचा आकडा फक्त १.०, आणि कळ कंट्रोल-ऑल्ट-१. दीडमधला पाच आणि एकमधला एक, लक्षात राहायला सोपं. आकडा ०.५ ते ३ यांच्यामधला कोणताही चालतो. १.३५सुद्धा चालतो, पायऱ्यांची अट या आज्ञेला नाही. मला स्वतःला १.१५ आवडतो.

हा आकडा सगळ्याच प्रोग्रामांना कळतो असं नाही. विंडोजचा जुना हिशेबाचा प्रोग्राम वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) चालवत असाल तर तो अक्षरं होती तेवढीच दाखवेल. त्याला वाइनच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनमध्ये, 'ग्राफिक्स'च्या टॅबमध्ये डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके त्याचा, आकडा ९६ वरून १२० किंवा १४४ करून द्यावा लागतो. म्हणजे तिकडेही सव्वा आणि दीड पटच.

पूर्ण स्केल कधी

अक्षरं मोठी झाली पण बटणं, चिन्हं, खिडक्यांच्या कडा बारीकच राहिल्या, असं वाटत असेल किंवा बाहेरचा टीव्ही जोडला असेल, तर स्केलकडे जा. अक्षरांचा आकडा सगळ्या पडद्यांना एकच लागतो. स्केल मात्र उबुंटूच्या नेहमीच्या वेलँड सत्रात (वेलँड म्हणजे पडद्यावर खिडक्या काढायची नवी पद्धत) प्रत्येक पडद्याला वेगळं देता येतं. लॅपटॉपला १२५, भिंतीवरच्या टीव्हीला १००, असं.

यासाठी ग्नोममध्ये तयार कळ नाही. पण माउसशिवाय तिथवर पोचता येतं: सुपर, मग डिस्प्लेज असं इंग्रजीत टाइप करून एंटर, मग टॅबनं पुढे पुढे सरका आणि एंटर किंवा स्पेसनं निवडा. 'स्केल'मध्ये सुरुवातीला १०० आणि २०० असे मोठेच टप्पे दिसतात. खालचं 'फ्रॅक्शनल स्केलिंग' चालू केलं की १२५, १५०, १७५ हेही येतात. 'अप्लाय' दाबल्यावर बदल ठेवायचा का असा प्रश्न येतो आणि वीस सेकंद उलटे मोजले जातात. हे वीस सेकंद देवासारखे आहेत. पडद्याचं काही भलतंच झालं, काही दिसेनासं झालं, तर हात वर करून बसा. काही न दाबता सगळं पूर्वीसारखं होतं.

मोठा आकडा निवडण्याआधी जागेचा हिशेब करा. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर १२५ टक्के केलं की कामाला जागा १५३६ बाय ८६४ एवढी उरते. दीडशेला १२८० बाय ७२०. दोनशेला ९६० बाय ५४०, म्हणजे मोर एवढा मोठा की चादरीत दुसरं काही बसत नाही. बऱ्याच खिडक्यांचं 'ओके' बटण पडद्याच्या खाली जातं. तसं झालं तर सुपर दाबून ठेवा आणि खिडकीत कुठेही माउसनं धरून ती वर ओढा. माउस नसेल तर ऑल्ट-एफ७ दाबून बाणांनी सरकवा, एंटर दाबून सोडा.

सव्वा किंवा दीड पटीत काही प्रोग्राम किंचित पुसट दिसतात. इथेही चादरच आठवा. नक्षीतली रेघ एका धाग्याची आहे. मोर दुप्पट केला तर रेघ दोन धाग्यांची होते, प्रश्न नाही. सव्वा पट केला तर सव्वा धागा आणायचा कुठून? धागा कापता येत नाही, मग शेजारचा धागा फिकट रंगवून भागवावं लागतं. जुन्या पद्धतीचे, म्हणजे वेलँडच्या आधीच्या एक्स११साठी लिहिलेले प्रोग्राम यात जास्त पुसटतात, कारण ते लहान मापात काढून नंतर ताणले जातात. शिवाय या भागाकारात ग्राफिक्सला काम वाढतं. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिसाच्या वर असताना जुन्या लॅपटॉपचा पंखा आधीच बोंबलत असतो, त्याला आणखी कशाला कामाला लावा. म्हणून माझा कल असा: चौदा-पंधरा इंची पडद्याला स्केल शंभरावरच ठेवावं आणि अक्षरं वाढवावीत. चारशे-पाचशे रुपयांचा चष्मा मोडला म्हणून घर बदलत नाही आपण. टीव्ही किंवा फारच दाट ठिपक्यांचा पडदा असेल तरच स्केल.

टीव्ही जोडताना सुपर-पी ही कळ लक्षात ठेवा. तीच परत परत दाबली की दोन्हीकडे एकच चित्र, जोडून मोठा पडदा, फक्त बाहेरचा, फक्त लॅपटॉपचा, असे पर्याय फिरतात.

मिंट, केडीई, एक्सएफसीई

लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये वरचीच आज्ञा चालते, फक्त ग्नोमच्या जागी सिनॅमन लिहायचं. कळ जोडायची जागा 'कीबोर्ड'मधल्या 'शॉर्टकट्स' टॅबमध्ये. खिडकी ओढायला तिथे सुपरऐवजी ऑल्ट.

केडीई प्लाझ्मात भिंग आधीपासून तयार असतं: मेटा-बरोबर, मेटा-उणे, मूळ मापासाठी मेटा-शून्य. मेटा म्हणजे तेच आपलं सुपर. स्केलची सरकपट्टी सिस्टिम सेटिंग्जच्या डिस्प्लेमध्ये आहे आणि केडीईचं हे काम ग्नोमपेक्षा सफाईदार आहे, हे मी ग्नोम वापरत असूनही मान्य करतो.

एक्सएफसीई अगदी जुन्या यंत्रांवर टाकतात. तिथे ऑल्ट दाबून माउसचं चाक फिरवलं की पडदा मोठा होतो. अक्षरांसाठी 'अपिअरन्स'मधल्या 'फाँट्स'मध्ये 'कस्टम डीपीआय'चा आकडा ९६ वरून वाढवा. ११० केलं तरी मराठीला लगेच फरक दिसतो.

लॉगिनचा पडदा

सगळं जमल्यावर मामांची एक तक्रार उरली. लॅपटॉप चालू केल्यावर पासवर्ड विचारतात तिथे अक्षरं अजून बारीकच. बरोबर आहे, तो पडदा मामांच्या खात्यात शिरायच्या आधीचा, त्याला त्यांची सेटिंग कुठून कळणार. त्याच पडद्याच्या कोपऱ्यात माणसाच्या आकृतीचं एक लहान चिन्ह असतं, ते उघडून 'लार्ज टेक्स्ट' चालू करायचं.

लॅपटॉपच्या कडेला आता टॉवेलवर किंमत चिकटवतात तसली पट्टी लावलेली आहे. त्यावर मामांच्या अक्षरात: "५ माझं, १ पोराचं." पोरगं रात्री जाताना ५ दाबायचं विसरतं, आणि सकाळी शटर वर झालं की मामा चष्मा न शोधता आधी पट्टी शोधतात.